ग्रंथपालाविना पोथी

ग्रंथ संगणकावर आले की ग्रंथपालाचे काम संपले, असे हल्ली अमरावती-अकोल्याकडे सर्रास बोलले जाते. आम्हांला ते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण आमच्याच वऱ्हाडात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपीत अक्षरांची अदलाबदल असते. किल्ली ठाऊक नसेल तर पान स्वच्छ दिसूनही वाचता येत नाही. अशा पोथीची छायाचित्रे ‘पोथी 14’ एवढ्याच नावाने आंतरजालावर चढवली, तर ती कपाटात होती तशीच बंद राहिली! तिचा कर्ता, लिपी, नकलेचा शक यांची नोंद कुणी करायची? वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथनांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच नियमांपैकी एक. शोधयंत्रही तो वेळ वाचवते ते कुणीतरी केलेल्या नोंदीच्याच बळावर (एरवी ते नको असलेले शंभर दुवे देते, हा भाग निराळा). रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. तिथे स्कॅनर घेण्याआधी पोथी वाचता येणारा ग्रंथपाल नेमावा, आणि अकोला-अमरावतीच्या मराठी विभागांनी आपले विद्यार्थी त्याच्या हाताखाली धाडावेत.