आतला माणूस

३१ जुलैला, मालेगाव २००८ चा निकाल लागला त्या दुपारी, मधल्या सुट्टीत माझ्या एका सहकाऱ्याने मला विचारलं, "सर, दहा दिवसांपूर्वी लोकलच्या स्फोटातले बारा सुटले तेव्हा तुम्ही खूश होता. आज हे सात सुटले तर चेहरा का उतरला?" तो माणूस मनाने वाईट नाही. आमच्या घरची ईदची खीर तो हक्काने मागून खातो. प्रश्नही चुकीचा नव्हता. पण तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मी काहीतरी पुटपुटलो आणि घंटा झाली. हा लेख म्हणजे उशिरा दिलेलं ते उत्तर समजा.

आधी एक गोष्ट साफ करतो. न्यायालयाने निर्दोष सोडलेला माणूस माझ्यासाठी निर्दोष आहे. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सोडलेले बाराजण जसे, तसेच ३१ जुलैला विशेष न्यायालयाने सोडलेले सातजण. ३२३ साक्षीदार तपासले गेले, त्यांतले तीसहून जास्त फितूर झाले. बॉम्ब त्याच मोटारसायकलवर होता हे सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही, हे तत्त्व मी नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना सांगतो. आपल्याला सोयीचं नसेल तेव्हा ते बदलता येत नाही.

मला टोचतंय ते वेगळंच. या खटल्यातल्या एका आरोपीचा, लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांचा, पहिल्यापासूनचा बचाव असा होता की मी 'अभिनव भारत'मध्ये होतो तो लष्करी गुप्तचर अधिकारी म्हणून. बैठकांना जात होतो ते माहिती काढायला, आणि ती माहिती मी वरिष्ठांना देत होतो. म्हणजे मी त्यांच्यातला नव्हतो, त्यांच्या आत पेरलेला होतो. नोव्हेंबर २००८ मध्ये त्यांना अटक झाली. जवळपास नऊ वर्षं तुरुंगात काढल्यावर २१ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला. एटीएस आणि एनआयए यांच्या आरोपपत्रांत मेळ नाही, हे त्यामागचं एक कारण होतं. पुढे त्यांनी उच्च न्यायालयात म्हटलं, मी कर्तव्य बजावत होतो, सरकारची मंजुरी न घेता माझ्यावर खटलाच चालवता येत नाही. २ जानेवारी २०२३ ला उच्च न्यायालयाने ते फेटाळलं. त्यावेळी न्यायालयाने जो प्रश्न विचारला तो मला आजवर विसरता आलेला नाही: माहिती काढायला पाठवलं होतं हे मान्य केलं, तर मग सहा निरपराध माणसांचा जीव घेणारा तो स्फोट टाळला का नाही?

या प्रश्नाचं उत्तर निकालाने मिळालं नाही. मिळणारही नव्हतं, कारण खटला 'हा माणूस दोषी आहे का' एवढंच विचारतो. 'सरकारचा माणूस आत होता का, असला तर त्याने काय कळवलं, कोणाला कळवलं, आणि ज्याला कळवलं त्याने काय केलं' हे विचारायला आपल्या देशात दारच नाही. ते एक तर खरं होतं किंवा खरं नव्हतं. खरं असेल, तर २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री, रमजानच्या गर्दीत, भिक्कू चौकात जे घडलं त्याचा मागमूस एखाद्या सरकारी फायलीत आधीपासून असायला हवा. खरं नसेल, तर एका अधिकाऱ्याला इतकी वर्षं तो दावा लढवत का राहता आलं? सतरा वर्षांनी आपण दोन्हीपैकी काहीच जाणत नाही. माझा चेहरा उतरला तो यासाठी.

भाषेचा मास्तर असल्याने मी शब्दांवर अडतो. आत शिरून बातमी काढणाऱ्याला आपल्याकडे किती नावं आहेत बघा. शिवरायांचे बहिर्जी नाईक हे हेर, त्या शब्दाला मान आहे. पोलिसांच्या कागदात तो 'बातमीदार' असतो. गल्लीत 'खबऱ्या' होतो. उर्दूत 'मुखबिर', खबर देणारा. आणि हाच माणूस कोर्टात उभा राहिला तर 'माफीचा साक्षीदार'. माणूस एकच असतो, कोण बोलतंय त्यावर त्याची इज्जत ठरते.

आणि खबऱ्यांची वर्गवारीही असते. मालेगावातच पाहा. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. तीसहून जास्त माणसं गेली. एटीएसने नऊ मुसलमान तरुण पकडले. त्यांच्यातल्या एकाची जबानी हा खटल्याचा मोठा आधार होता. पुढे त्याने ती जबानी मागे घेतली आणि सांगितलं, मी पोलिसांसाठी खबरी म्हणून काम करत होतो, मला आमिष दाखवून हे बोलायला लावलं. त्याचं ऐकलं जायला वर्षं गेली. बहुतेकांना २०११ च्या नोव्हेंबरात जामीन मिळाला आणि २५ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तोवर एकजण हे जग सोडून गेला होता.

दिल्लीतलं प्रकरण तर याहून विचित्र. फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसांच्या स्पेशल सेलने दोन तरुणांना 'अल बद्र'चे अतिरेकी म्हणून उभं केलं, स्फोटकांसकट. उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयला काय आढळलं? की हे दोघे गुप्तचर यंत्रणेचे आणि स्पेशल सेलचेच खबरी होते आणि त्यांना गोवण्यात आलं. त्यांच्यातल्या एकाने तिहारमधून पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं होतं की सीमेपलीकडच्या तळात शिरायला मी नकार दिला म्हणून ही वेळ आली. सीबीआयचा अहवाल २००८ मध्ये आला. न्यायालयाने त्यांना मोकळं केलं ते डिसेंबर २०१६ मध्ये. मधली आठ वर्षं कशासाठी, कोण जाणे.

तर माझ्या सहकाऱ्याला हे सांगायचं होतं. 'आतला माणूस होतो' हा बचाव गरिबाने केला तर तो थापाड्या ठरतो, अधिकाऱ्याने केला तर निदान सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचतो. पण दोघांच्याही बाबतीत ज्यांनी त्यांना आत पाठवलं म्हणतात, ते कधी पिंजऱ्यात येत नाहीत.

डेव्हिड हेडलीचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेच्या अंमली पदार्थ खात्याचा तो खबरी होता आणि त्याच काळात लष्कर-ए-तैयबाच्या शिबिरांत जात होता. २००६ पासून त्याने मुंबईची टेहळणी केली. २६/११ ला एकशे साठहून अधिक माणसं मेली, त्यांत मालेगाव २००८ चा तपास करणारे हेमंत करकरेही होते. हेडलीला अमेरिकेत पस्तीस वर्षांची शिक्षा झाली, पण कबुलीच्या सौद्यात त्याने भारताच्या हवाली न होण्याची अट घालून घेतली. २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याला पडद्यावर पाहिलं, माफीचा साक्षीदार म्हणून.

उत्तर आयर्लंडने हे दुखणं आपल्याआधी भोगलंय. ब्रिटिश सैन्याचा 'स्टेकनाइफ' या नावाचा खबऱ्या आयआरएमध्ये होता, तेही फितूर शोधून मारणाऱ्या पथकात. म्हणजे खबरी असल्याच्या संशयावरून माणसं मारणाऱ्यांतच सरकारचा खबरी. 'तो होता म्हणून शेकडो जीव वाचले' असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मार्च २०२४ मध्ये 'ऑपरेशन केनोव्हा'चा अंतरिम अहवाल आला आणि त्यात निष्कर्ष निघाला की बहुधा वाचले त्यापेक्षा जास्त जीव गेले. खटला कोणावर उभा राहिला नाही, ज्याच्यावर संशय होता तो २०२३ मध्येच वारला. पण निदान कुणीतरी फायली उघडल्या, घराघरांत जाऊन मेलेल्यांच्या नातेवाईकांना सांगितलं. २०२१ मध्ये तिथे खबऱ्याला गुन्ह्यात भाग घ्यायची परवानगी कोण देऊ शकेल याचा कायदाही झाला. त्या कायद्यावर टीका खूप आहे, कारण खबऱ्याला कोणते गुन्हे करू द्यायचे नाहीत याची यादीच त्यात नाही. तरी परवानगी लेखी द्यावी लागते आणि ती न्यायिक आयुक्तांना कळवावी लागते.

आपल्याकडे इंटेलिजन्स ब्युरो ब्रिटिश काळापासून आहे आणि तिचा स्वतःचा कायदा नाही. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी गुप्तचर यंत्रणांवर संसदेची देखरेख आणणारं खासगी विधेयक मांडलं होतं, ते तिथेच राहिलं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १२५ पोलिसाला खबर कुठून मिळाली ते सांगण्याची सक्ती करू देत नाही, आणि नव्या कायद्यातही हे संरक्षण आहे. ते असायलाच हवं, नाहीतर खबऱ्या जिवाला मुकेल. पण नाव झाकायला कायदा आहे आणि त्या नावाने काय काय केलं ते न्यायाधीशापुढे बंद दाराआड तरी मांडायला कायदा नाही, याला काय म्हणायचं?

हे मी लांबून बोलत नाही. बीएड करून नुकताच नोकरीला लागलो होतो, मालेगावच्या दुसऱ्या स्फोटानंतरचे दिवस. लोट्याच्या नाक्यावर, एमआयडीसीकडे वळतो तिथल्या टपरीवर, साध्या कपड्यातला एकजण माझ्या बाकावर येऊन बसला. चहाचे पैसे त्यानेच दिले. "सर, तुम्ही शिकलेले. पोरं तुमच्याकडे येतात. कोण काय बोलतं, बाहेरून कोण येतं, अधूनमधून सांगत चला. तुमच्याच समाजाचं भलं आहे." एका चिठ्ठीवर मोबाईल नंबर दिला. मी नाही म्हणालो नाही. "बघतो" म्हणालो. भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

मी कधीच फोन केला नाही. पण तो चहा पिताना मला कोणीतरी पाहिलं होतं. दोन जुम्यांनंतर नमाज आटपून निघताना एका बुजुर्गांनी हळूच विचारलं, "मास्तर, तो माणूस कोण होता?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यानंतर कितीतरी महिने मी गेलो की ओट्यावरचं बोलणं हवापाण्यावर आणि आंब्याच्या मोहरावर यायचं. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करायला मनाई आहे हे त्यांनाही पाठ होतं, मलाही. तरी ते माझ्यावर नजर ठेवून होते आणि मी त्यांच्यावर, की ते माझ्याबद्दल काय बोलतात. मी एक शब्दही पोचवला नव्हता.

म्हणून खबरे नकोतच असं मी म्हणत नाही. भिक्कू चौकातला बॉम्ब आतल्या माणसाने सांगितल्यानेच थांबला असता, थांबला असता तर. पण त्याला पाठवणाऱ्याची सही कुठेतरी असली पाहिजे, आणि माणसं मेल्यावर ती सही बघायचा हक्क कुणालातरी असला पाहिजे. न्यायालयाने मृतांच्या घरच्यांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार द्यायला सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये काही कुटुंबं निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. तिथेही विचारलं जाईल ते आरोपी दोषी की निर्दोष एवढंच.

ती टपरी महामार्गाच्या चौपदरीकरणात गेली. चिठ्ठी मात्र बरीच वर्षं माझ्या बीएडच्या फायलीत होती. परवा सहकाऱ्याला दाखवावी म्हणून शोधली, सापडली नाही.