श्वासाचे नवे यंत्र

जून 2021 मध्ये फिलिप्स कंपनीने आपली अनेक सीपॅप यंत्रे परत मागवली. आवाज रोखणाऱ्या फोमचे कण श्वासात जाण्याची भीती होती. कारण कोणतेही असो, यंत्र बदलताना डॉक्टरांना न विचारता उपचार थांबवू नये.

जुन्या यंत्रावरील हवेच्या दाबाचा आकडा, मास्कचा प्रकार व माप टिपून ठेवावे. नवे यंत्र दाब आपोआप बदलणारे असल्यास किमान व कमाल मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

उरणच्या दमट पावसाळ्यात नळीत पाणी साचू लागले, तर यंत्रातील आर्द्रता कमी करावी.

घोरणे, सकाळची डोकेदुखी वा दिवसा पेंग परतल्यास मास्कमधून हवा गळते का, हे घरच्यांनी पाहावे आणि डॉक्टरांना कळवावे. झोपलेल्याला स्वतःचा अडलेला श्वास सहसा कळत नाही. तो शेजारच्यालाच ऐकू येतो.