दीड तासावरचं कराची

गेल्या महिन्यात माझी फुफी कराचीत वारली. अब्बांची धाकटी बहीण. त्यांचे मामा फाळणीच्या आधीपासून कराची बंदरात नोकरीला होते. त्यांच्याच मुलाशी तिचं लग्न झालं आणि १९६४ साली ती मुंबईहून बोटीने सासरी गेली. बातमी आली तेव्हा अब्बांनी एवढंच विचारलं, "विमानाने किती वेळ लागतो रे?"

मुंबई ते कराची हवाई अंतर सुमारे ८७० किलोमीटर. दिल्ली साडेअकराशेवर आहे, म्हणजे मुंबईला दिल्लीपेक्षा कराची जवळ. थेट विमान असतं तर दीड तास. पण ते नाही. दुबईमार्गे जायचं तर साडेतीन पट अंतर, आणि तेही व्हिसा हातात असेल तर. दफन त्याच संध्याकाळी होतं.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे गायबाना जनाजाची नमाज जायज आहे. मयत कराचीत, सफ रत्नागिरीत. अब्बा खुर्चीवर बसून नमाज पढले.

हे अंतर नेहमीच असं नव्हतं. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीतली जुनी सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाने ओळखली जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून एकटे उडाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूला उतरले. भारतातली नागरी विमानसेवा सुरू झाली ती याच मार्गावर.

मुसलमानाने कराचीचं नाव काढलं की काहींच्या भुवया वर जातात, हे मला ठाऊक आहे. त्यांचा सुरक्षेचा प्रश्न खोटा नाही. २६/११ चे मारेकरी कराचीहूनच समुद्रमार्गे आले, आणि त्यांनी मारलेल्यांत मुसलमानही होते. पण ते व्हिसा मागून आले नव्हते. व्हिसा मागते ती म्हातारी बहीण. पत्ता, फोटो, नातेवाइकांची नावं सगळं लिहून देते, पोलीस ठाण्यात हजेरी लावते. नियम कडक झाले की दार तिच्यासाठीच बंद होतं.

थर एक्स्प्रेस २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबली. पहलगामच्या हत्याकांडानंतर, २०२५ च्या एप्रिलमध्ये, अटारीची वाट बंद झाली आणि दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं. तो राग समजू शकतो. पण रागाचा हिशेब सत्तरी-ऐंशीच्या भावाबहिणींकडून का वसूल करायचा?

मी मैत्रीच्या गप्पा मारत नाही. मागणी लहान आहे. २०१२ च्या व्हिसा करारात ६५ वर्षांवरच्या लोकांना अटारी-वाघा सीमेवरच व्हिसा देण्याची तरतूद होती. हवी तेवढी चौकशी करा, पण दोन्ही सरकारांनी तेवढं एक कलम तरी अमलात आणावं. फाळणी पाहिलेली पिढी आता थोडीच उरली आहे. दहा वर्षांनी ही सवलत दिली तर घ्यायला कुणी नसेल.

अब्बा एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. कराचीत त्यांची अजून एक बहीण आहे.