टायमिंग आलं, मग नाव का नाही?

निवड यादी लागली की तलावावरची हवाच बदलते. सकाळी सहाला एकमेकांच्या डब्यातले पोहे खाणारे पालक दुपारी एकमेकांकडे बघत नाहीत. मी बरीच वर्षं जिल्हा आणि विभागीय स्पर्धांत लेनच्या टोकाला स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो आणि दर वर्षी तोच प्रश्न ऐकतो. "पात्रता वेळेच्या आत आला ना आमचा मुलगा? मग नाव का नाही?"

कारण पात्रता वेळ म्हणजे वेटिंगचं तिकीट. ते हातात असल्याशिवाय गाडीचा विचारच करू नये हे खरं, पण बर्थ मिळालाच असं नाही. प्रत्येक प्रकारात किती जण जाणार तो आकडा वेगळा ठरलेला असतो. ऑलिंपिकलाही तेच. एका देशाचे एका शर्यतीत जास्तीत जास्त दोन, तेही दोघांनी 'अ' म्हणजे थेट पात्रतेची वेळ दिली असेल तर. त्याहून थोड्या सैल 'ब' वेळवाल्याने आमंत्रणाची वाट बघायची. आपले किती तरी जलतरणपटू वर्षानुवर्षं 'ब' वेळेवरच थांबून होते. जून 2021 मध्ये रोमला साजन प्रकाशने 200 मीटर बटरफ्लायमध्ये 1 मिनिट 56.38 सेकंद दिले तेव्हा पहिल्यांदा भारतीयाने 'अ' वेळ गाठली. मर्यादा होती 1:56.48. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग.

त्याच स्पर्धेतली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. श्रीहरी नटराजने 100 मीटर बॅकस्ट्रोकमध्ये 53.77 दिले, मर्यादा 53.85. पण ही वेळ शर्यतीत नव्हे, तिथेच घेतलेल्या टाइम ट्रायलमध्ये आली होती. त्यामुळे जागतिक संघटनेने ती मान्य करेपर्यंत त्याचं ऑलिंपिक पक्कं झालं नाही. पोरगा किती वेगात पोहला याइतकंच तो कुठे आणि कुणाच्या घड्याळावर पोहला हेही बघतात.

हे मी माझ्याच घरी शिकलो. मुलीचा सराव 25 मीटरच्या तलावात चालायचा. तिथे 100 मीटर फ्रीस्टाइलला तिचं टायमिंग मर्यादेच्या आत आलं, घरात पेढे आले. निवड चाचणी 50 मीटरच्या तलावात होती. लहान तलावात शंभर मीटरला तीन टर्न, म्हणजे भिंतीला लाथ मारून तीनदा फुकटचा वेग. मोठ्या तलावात एकच टर्न. पोर सत्तर मीटरनंतर हात ओढताना दिसली आणि मला गॅलरीतच कळलं. परिपत्रकात पात्रता वेळा 50 मीटरच्या तलावासाठी आहेत असं स्पष्ट लिहिलं होतं. मी ते परिपत्रक व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलं होतं, वाचलं नव्हतं.

तेव्हा आधी परिपत्रक वाचा, मुलाला शेजारी बसवून वाचा. कुठल्या तारखेपासूनची वेळ धरणार? कुठल्या स्पर्धेतली? क्लबच्या दिवाळी स्पर्धेतली चालेल का? एका प्रकारात किती जण? चाचणी मोठ्या तलावात असेल तर त्याआधी चार-पाच वेळा तरी पोराला मोठ्या तलावात नेऊन आणा. दादरचा महात्मा गांधी तलाव किंवा बालेवाडी जवळ असलेल्यांचं बरं आहे. तालुक्याच्या गावातल्या आईबापांना त्यासाठी एस.टी.चा प्रवास आणि एक सुट्टी खर्च करावी लागते, हे मला माहीत आहे. तरी करा.

शालेय स्पर्धांचा हिशेब आणखी निराळा. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांवर तिथे मुख्यतः नंबर चालतो. जलतरण संघटनेच्या स्पर्धांत टायमिंगला मान. दोन्हींची सरमिसळ करून "विभागात पहिली आली, मग संघात का नाही" असं विचारणारे दर वर्षी भेटतात. तुमच्या विभागात त्या दिवशी कमी मुली होत्या, एवढंच उत्तर असतं कधी कधी, आणि ते तोंडावर सांगणं कुणालाच जमत नाही.

आता फोनमधल्या घड्याळाबद्दल. गॅलरीतून घेतलेली वेळ नेहमी तुमच्या पोराच्या बाजूची निघते. आवाज ऐकून आपण बटण उशिरा दाबतो आणि हात भिंतीजवळ दिसला की थांबवतो. हाताच्या घड्याळावर वेळ घ्यायची तर आम्ही एका लेनला तिघे असतो. दोघांची वेळ जुळली तर ती, तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली. मधलीच का, सगळ्यात चांगली का नाही, असंही मला विचारून झालंय. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं 50 मीटर फ्रीस्टाइलचं ब्राँझ 0.01 सेकंदाने हुकलं. तो 22.47, तिसरा 22.46. या खेळात फोनचा अंगठा पुरावा होऊ शकत नाही.

रिलेतल्या वेळेचंही तसंच. "रिलेत तर त्याने फार भारी टायमिंग दिलं" हे वाक्य आलं की मी विचारतो, कितवा होता? पहिल्याची वेळ वैयक्तिक म्हणून धरता येते. बाकीचे तिघे आधीचा येताना बघून, अंग झोकून उडी मारतात. त्यांच्या वेळेत तो फायदा मिसळलेला असतो.

वयाचं सांगायला नको, तरी सांगतो. वय वर्षाच्या 31 डिसेंबरला धरलं जातं. डिसेंबरात जन्मलेलं पोर आपल्या जन्मवर्षाच्या मुलांत कायम सगळ्यात लहान राहणार आणि जानेवारीतलं सगळ्यात थोराड. डिसेंबरवाल्याला दोन वर्षं थांबू द्या. दाखल्यावरची तारीख हलवायच्या फंदात पडू नका. आणखी एक. चाचणीत पोराचं एका हाताने टच झालं म्हणून ब्रेस्टस्ट्रोकला डीक्यू मिळाला, म्हणजे पोर बाद ठरलं, तर ती वेळ गेली. कितीही चांगली असली तरी गेली. सरावात रोज दोन्ही हात लावायची सवय सरांनी लावावी.

सरांवरून आठवलं. निवड करणाऱ्यांकडेही माझी मागणी आहे. बरोबरी झाली तर काय करणार, रिलेचे चार कुठल्या वेळेवर घेणार, राखीव कोण, हे चाचणीच्या आधी कागदावर द्या आणि तलावाच्या भिंतीवर चिकटवा. नंतर सांगितलेला नियम खरा असला तरी कुणाला खरा वाटत नाही. निम्मी भांडणं रिलेच्या चौथ्या नावावरूनच होतात. एका वर्षी यादीत ते नाव पेनाने खोडून दुसरं लिहिलं होतं, खाली सही नाही की तारीख नाही. ते पोर पुन्हा तलावावर दिसलं नाही.

आणि पालकहो, तक्रार असेल तर गॅलरीतून ओरडू नका. जागतिक नियमांप्रमाणे शर्यत संपल्यापासून तीस मिनिटांत, लेखी, संघाच्या जबाबदार माणसाने, शुल्क भरून तक्रार द्यायची असते. तेव्हा शर्यतीच्या दिवशी खिशात एक पेन ठेवा, कोरा कागद ठेवा आणि तुमच्या संघाचे व्यवस्थापक कोण आहेत, ते कुठल्या कोपऱ्यात बसलेत, हे सकाळीच बघून ठेवा.