अडाणी होता म्हणून?



परवा अमेरिकेतल्या नातवाचा फोन आला. बेसबॉलवेडा आहे. 'शूलेस' ज्यो जॅक्सनची कथा सांगून शेवटी म्हणाला, "आजोबा, त्याला लिहिता-वाचताच येत नव्हतं हो! त्या बिचाऱ्याला काय कळणार?" हे वाक्य काही मला पचलं नाही.

जॅक्सन दक्षिण कॅरोलायनाचा. शाळेच्या वयात ग्रीनव्हिलच्या कापडगिरणीत राबला. पुढे मैदानाच्या कडेला क्षेत्ररक्षण करणारा आणि अफाट फलंदाज म्हणून गाजला. १९११ साली त्याची सरासरी .४०८ होती, म्हणजे हजारांत ४०८ यशस्वी फटके. सगळ्या कारकिर्दीची .३५६.

१९१९ ची वर्ल्ड सीरिज शिकागो व्हाइट सॉक्स हरले. आठ खेळाडूंनी जुगाऱ्यांशी संगनमत केल्याचा आरोप झाला. १९२१ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं, पण दुसऱ्याच दिवशी कमिशनर लँडिस यांनी आठही जणांना कायमचं बाहेर काढलं.

त्याचे चाहते म्हणतात, त्या मालिकेत त्याने १२ फटके मारले, सरासरी .३७५! मान्य. पण पाच हजार डॉलर्स घेतले, हे १९२० साली त्याने स्वतःच ग्रँड ज्युरीपुढे सांगितलं होतं. त्याला निरक्षरतेचं पांघरूण कशाला?

माझी आई अंगठेबहाद्दर. दुधाचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची. दुकानदाराने चुकून चार आणे जास्त दिले तर भर उन्हात परत करायला मला पिटाळायची. अक्षर न कळणं वेगळं, बरंवाईट न कळणं वेगळं. "अडाणी होता म्हणून चुकला" असं म्हणणं हा तमाम निरक्षर आयाबापांचा अपमान आहे!

निरक्षरतेचा मुद्दा काढायचाच तर योग्य जागी काढा. दहा दिवसांच्या नोटिशीवर काढून टाकण्याचं कलम १९२० च्या करारात नाही, असं क्लबच्या सेक्रेटरीने सांगितलं म्हणून आपण सही केली, असं जॅक्सनचं म्हणणं होतं. कलम होतंच. थकलेल्या पगारासाठी तो मिलवॉकीच्या कोर्टात गेला. १९२४ मध्ये ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला, पण आधीच्या जबानीशी विसंगत साक्ष दिली म्हणून न्यायाधीशांनी तो रद्द केला. वाचता न येणाऱ्याच्या पुढे कागद सरकवणारे तर शिकलेले होते ना? त्यांना कोणी काही विचारत नाही.

जॅक्सन १९५१ मध्ये वारला. कमिशनर मॅनफ्रेड यांनी २०२५ च्या मे महिन्यात जाहीर केलं की अशी बंदी मृत्यूबरोबर संपते. त्यामुळे हॉल ऑफ फेमचा रस्ता आता मोकळा झाला आहे. घ्या की त्याला आत! त्याची फलंदाजी त्या लायकीची होतीच. पण पाटीवर .३५६ च्या खाली पाच हजार डॉलर्सही लिहा, आणि तो करारही. कीव नको, हिशेब पुरा हवा.

असो. नातू हे वाचणार आहेच. त्याला काही म्हणायचं असेल तर फोन करेल. तुम्हीही लिहा.