राजीनाम्यातील ‘राजी’

गेल्या रविवारी सकाळी, चंद्रपुरात जटपुरा वेशीच्या आतील माझ्या घरी, चामोर्शीकडील एक जुने परिचित शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी गोंडवाना विद्यापीठाची रसायनशास्त्रातील एम. एस्सी.; दोन वर्षे नागपुरास एका प्रयोगशाळेत काम केल्यावर तिला आता कोरपना तालुक्यातील एका सिमेंट कारखान्यात कनिष्ठ अधिकाऱ्याची जागा मिळाली होती, आणि पगाराचा आकडा सांगताना त्या गृहस्थांच्या मुद्रेवर जे समाधान उमटले ते पाहून मलाही आनंद झाला. मुलीने मात्र पिशवीतून नऊ पानांचे इंग्रजी नियुक्तिपत्र काढून सातव्या पानावरील एका कलमावर बोट ठेवले. नोकरी सोडावयाची झाल्यास कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी. कंपनीस काढावयाचे झाल्यास एक महिन्याची पुरे. “काकाजी, हे बदलून मागितलं तर नोकरीच हातची जाईल का?” तिने विचारले. वडील मध्येच म्हणाले, “अजून रुजूच नाही झाली, तर सोडाची गोष्ट कायले काढायची?”

वडिलांचा संकोच मला समजतो. शुभकार्याच्या आरंभी वियोगाचा उच्चार करू नये, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवलेले असते. परंतु त्यांच्याच गावची रीत याच्या नेमकी उलट होती. पाडव्याला सालगडी ठरवावयाचा म्हणजे ओसरीवर उभय पक्ष बसत, आणि रोख किती, धान्य किती, उचल किती, व साल मध्येच मोडल्यास त्या उचलीची फेड कशी, हे सारे चार माणसांच्या देखत मोठ्याने बोलले जाई. त्या व्यवहारात न्याय होता असे मी मुळीच म्हणणार नाही. उचलीच्या ओझ्याखाली कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या दबून गेली. तरीही जाण्याच्या शर्ती येण्याच्या दिवशीच बोलून घ्याव्यात एवढा व्यवहार त्या निरक्षर माणसाला कळत होता, आणि त्या बोलण्याने कोणाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही. ‘राजीनामा’ हा शब्दच पाहा. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ संमतिपत्र. आणि संमती म्हटली की ती दोन्ही बाजूंची असावी.

आपल्या कायद्याने हे तत्त्व फार पूर्वी मान्य केले आहे. १९४६ च्या औद्योगिक स्थायी आदेशांच्या कायद्याखाली जे नमुना आदेश तयार झाले, त्यांत मासिक वेतनावरील कायम कामगारासाठी एक महिन्याची लेखी सूचना, अथवा तिच्याऐवजी एक महिन्याचे वेतन, अशी तरतूद होती; आणि ती मालक व कामगार या दोघांनाही सारखीच लागू होती. इतकेच नव्हे, तर हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत कारखान्याच्या प्रवेशद्वारापाशी फलकावर लावले पाहिजेत, असेही त्या कायद्याने बजावले. अधिकारी म्हणून नेमलेल्या माणसास मात्र अशा आदेशांची छाया सहसा लाभत नाही. त्याच्यासाठी हाती पडलेले पत्र हाच कायदा. ज्या करारात दुर्बल पक्षाला सही करण्यावाचून गत्यंतर नसते त्यातील अन्याय्य अट न्यायालय मानणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात निक्षून सांगितले खरे. पण दिल्लीपर्यंत भांडत जाण्याचे बळ चामोर्शीच्या शेतकऱ्याच्या मुलीने कोठून आणावे?

हे मी तळमळीने लिहितो, कारण माझ्या उमेदीच्या काळी मी एका खासगी संस्थेत न वाचता सही करून रुजू झालो होतो. चार वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातून अधिक चांगल्या जागेचा हुकूम आला. पंधरा दिवसांत हजर व्हावयाचे होते. तीन महिन्यांचा पगार भरून देण्याची माझी तयारी होती, त्यासाठी पत्नीच्या पाटल्या सराफाकडे नेण्याचेही ठरले होते. परंतु माझ्या करारनाम्यात ‘तीन महिन्यांची सूचना’ एवढेच होते, ‘अथवा तितके वेतन’ हे शब्द नव्हते, आणि त्या ‘अथवा’च्या अभावी संस्थेने मला कार्यमुक्त करण्यास साफ नकार दिला. जागा दुसऱ्याला गेली. तो कागद अद्याप माझ्या दप्तरात आहे.

मालकाची बाजूही खोटी नाही. आपल्या या अरण्यप्रदेशात बदली माणूस मिळणे दुर्घट. पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा मार्गच बंद होतो, तेथे गेलेल्या माणसाची जागा आठवड्यात कशी भरावी? तेव्हा दीर्घ मुदत मागण्यास सबळ कारण असू शकते. मात्र ज्या आडवाटेमुळे मालकाला माणूस लवकर मिळत नाही, त्याच आडवाटेमुळे माणसालाही दुसरी नोकरी लवकर मिळत नाही. मग मुदत एकालाच लांब का?

त्या सकाळी आम्ही तिघांनी मिळून पत्राचा मसुदा केला. प्रथम आभार आणि रुजू होण्याची खरी तारीख, कारण नागपूरच्या नोकरीतील सूचनेचा एक महिना तिला पुरा करावयाचा होता आणि तो टाळून येण्याचे आश्वासन देणे हे तिला व मलाही अप्रामाणिक वाटले. पुढे तिच्या विनंत्या: मुदत उभयतांस सारखी असावी, परिवीक्षेच्या काळात ती एकच महिना असावी, सूचनेऐवजी वेतन भरण्याची मुभा असावी व ते मूळ वेतनावर मोजावे, शिल्लक रजा त्यात वळती व्हावी, आणि मुदत राजीनामा दिल्या दिवसापासून धरावी, मंजुरीच्या दिवसापासून नव्हे. शेवटच्या कलमाचा मी विशेष आग्रह धरला, कारण मंजुरी साहेबांच्या टेबलावर कितीही दिवस पडून राहू शकते.

गुरुवारी उत्तर आले. दोन्ही बाजूंस दोन महिने, परिवीक्षेत एक महिना, सूचनेऐवजी मूळ वेतन भरण्याची मुभा, आणि गणना राजीनाम्याच्या तारखेपासून. रजा वळती करण्यास मात्र नकार. नोकरी गेली नाही, उलट पत्राच्या अखेरीस तिचे अभिनंदन होते. तिने सही केली.

वडिलांनी मला फोनवर एकच विचारले: त्या नऊ पानांत आणखी काय लिहिले आहे? मी त्यांना ती पाने मराठीत वाचून दाखवीन. पण चंद्रपूर-गडचिरोलीतील कारखानदारांना माझी विनंती आहे की १९४६ साली कामगाराच्या फलकासाठी जे आवश्यक मानले गेले ते नियुक्तिपत्रासाठीही मानावे, आणि प्रत्येक पत्रासोबत त्याची एक मराठी प्रत द्यावी.