नाव एकाचं शोधलं, जाहिरात दुसऱ्याची. हे चालतं का?

गुगलवर ‘मेकमायट्रिप’ टाइप केलं आणि वरच ‘बुकिंग डॉट कॉम’ची जाहिरात दिसली तर? मेकमायट्रिप याच तक्रारीवर न्यायालयात गेली. ट्रेडमार्क आमचा, मग त्यावर प्रतिस्पर्ध्याने बोली का लावायची? एप्रिल २०२२ मध्ये अंतरिम मनाई मिळालीही. पण डिसेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती उठवली. ग्राहकाचा गोंधळ होत नसेल, तर नुसता कीवर्ड वापरणं म्हणजे उल्लंघन नव्हे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही.

मला हा निकाल पटतो. या दोन नावांतला फरक लोकांना कळतो.

खरी फसगत होते ती पैसे भरण्याच्या स्क्रीनवर. काही ॲपवर विम्याच्या चौकटीत आधीच टिक केलेली सापडते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशी परस्पर घेतलेली संमती चालत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, हेही त्याच नियमांत आहे. नावासाठी या धंद्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई होते. ती टिक मात्र तशीच राहते. कोणत्याही डेव्हलपरला विचारा, ती काढणं एका ओळीचं काम आहे.